कूलरच्या खोलीत विझणारा गेम

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून नुकताच लागलो होतो आणि सणासाठी रजा काढून धुळ्याला घरी आलो होतो. थोरला भाऊ आग्रा रोडवर रेडिएटर दुरुस्तीचं दुकान चालवत होता. धाकटी बहीण शिरपूरला दिलेली. लेकी आखाजीला माहेरी येतात तशी तीही आली होती. वडील नव्हते, भावाचं लग्न व्हायचं होतं. घरात आई आणि आम्ही तीन भावंडं, एवढेच.

बहीण येताना बॅगेत साडीच्या घडीत गुंडाळून एक व्हिडिओ गेम घेऊन आली. हातात धरायचा, राखाडी रंगाचा, विटेपेक्षा थोडा लहान, मागे चार पेन्सिल सेल. तिच्या थोरल्या दिरांनी तो मस्कतहून मुलासाठी आणला होता. मुलगा शाळेत गेला की बहीण खेळायची. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळीत बसवायचे, ओळ भरली की नाहीशी होते, असा खेळ. तिचा हात त्यात एवढा बसला होता की पुतण्याच तिला अवघड टप्पा पार करून द्यायला सांगायचा. मुलगा सुटीत आजोळी गेला, म्हणून तिने नवऱ्याकरवी गेम माहेरी न्यायची परवानगी मागितली. दीर म्हणाले होते, "न्या. पण पोराचा जीव आहे त्यात. नेला तसाच परत आला पाहिजे."

हे वाक्य तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते तिला एवढं का महत्त्वाचं होतं तेही. तिला डी.एड. करायचं होतं. बारावीचे गुण चांगले होते आणि धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात नंबर लागण्यासारखा होता. नवरा म्हणत होता, दादा म्हणतील तसं. दादा म्हणजे हेच थोरले दीर. सासूचा विरोध होता. लग्नानंतर लवकरच बहिणीच्या हातून नवं मिक्सरचं भांडं फुटलं होतं, तेव्हापासून कॉलेजचा विषय निघाला की सासू म्हणायची, "आधी घरातल्या वस्तू सांभाळायला शिक." दिरांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आखाजी झाली की ते स्वतः तिला न्यायला येणार होते आणि त्यांची सुटी संपायच्या आत निर्णय सांगणार होते.

गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. हिरवट काचेवर काळे ठिपके उमटायचे. खिडकीशी बसलं तर दिसायचे, संध्याकाळी दिव्याखाली मान वाकडी केली तर दिसायचे, आणि लाइट गेली की काहीच दिसायचं नाही. त्या उन्हाळ्यात धुळ्यात लाइट रोज जात होती.

"एवढ्या मस्कतच्या वस्तूला एक बल्ब नाही?" भाऊ म्हणाला. "मी बसवून देतो."

बहीण हो म्हणाली. पुतण्याला आवडेल, असंही म्हणाली. त्या वेळी कुणाला त्यात धोका दिसला नाही. मलाही दिसला नाही.

कानबाई देवीच्या मखराला लावायची जुनी बल्बची माळ माळ्यावर होती. त्यातले दाण्याएवढे दोन बल्ब भावाने तोडून घेतले. गेमचे स्क्रू नेहमीच्या पेचकसाने निघत नव्हते. त्याने एक पेचकस कानशीने घासून त्या खाचेच्या मापाचा केला. पडद्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली, दोन कोपऱ्यांत खाचा पाडल्या, बल्ब आत बसवले. बल्बच्या तारा मागच्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर चालू-बंदच्या बटणापाशी नेल्या आणि दोन्ही टोकांना डाग दिला, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडले. हे सगळं त्याने दुकानात केलं, दोन ट्रकच्या कामांच्या मध्ये. घरी आणून अंधाऱ्या फडताळात धरून दाखवलं. पडद्यावर दोन्ही बाजूंनी पिवळसर उजेड पसरला होता आणि ठोकळे स्पष्ट पडत होते. बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आखाजीच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट.

सणाच्या दुपारी मांडे आणि आमरस झाला. गल्लीतले पुरुष निंबाखाली पत्ते खेळायला बसले, मुली झोक्यावर. बहीण जेवून कूलरच्या खोलीत आडवी झाली आणि तिने गेम चालू केला. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. आवाज वेगळा होता.

पडद्यावर उभ्या रेघा आल्या होत्या. बल्ब जळत होते, पण खेळ गोठला होता. तिने बटण बंद करून चालू केलं. खेळ सुरू झाला, ठोकळे पडू लागले, मग स्पीकर खरखरला आणि खेळ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी पडदा कोराच राहिला. फक्त उजेड.

भाऊ निंबाखालून उठून आला. त्याने सेल बदलून पाहिले. काही फरक नाही. खोलून तारा ओढून पाहिल्या, पक्क्या होत्या. बल्ब बोटाने चाचपले आणि त्याला कारण सापडलं.

"गरम झालंय. बल्ब गरम, वरून हे ऊन. प्लास्टिकची वस्तू आहे, तापली. थंड होऊ दे."

धुळ्यात वैशाखात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. स्कूटर बंद पडली, दूध नासलं, माणूस चिडला, सगळं ऊन. कुणी प्रश्न विचारत नाही, कारण बहुतेक वेळा ते खरंही असतं. आईनेही अहिराणीत दुजोरा दिला, सगळं घरच तापलंय म्हणून. "बठ्ठं घर तापेल शे. खेळणं नही तापावं?"

म्हणून गेम थंड करायचं ठरलं. घरात थंडाव्याच्या जागा दोनच, कूलर आणि माठ. कूलर म्हणजे पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या आणि त्यांवर सतत ठिबकणारं पाणी. गेम त्याच्या तोंडासमोर स्टुलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. चालू करून पाहिला, आधीपेक्षा वाईट. आता पहिलं चित्रही येत नव्हतं.

"अजून तापलेलाच आहे आतून," भाऊ म्हणाला.

"तुझ्या हाताला लागतोय का तापलेला?" बहिणीने विचारलं.

"आतून म्हणतोय ना मी."

"रेडिएटरला पडदा असता तर कळलं असतं तुला."

तो चिडला नाही, पण पुन्हा पत्त्यांकडेही गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बल्ब काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. तारा तोडायच्या, पट्टी परत चिकटवायची, जैसे थे. त्याने खरोखर तारा तोडल्या. बल्बशिवायही पडदा कोराच राहिला. आता उजेडही नव्हता आणि खेळही नव्हता. त्याने तारा पुन्हा जोडल्या, पुन्हा डाग दिला. तेवढा वेळ बहीण भिंतीला टेकून बसली होती आणि लुगड्याचा धागा ओढावा तसा पदराचा काठ ओढत होती.

दीर उद्या संध्याकाळी येणार होते.

मी सुचवलं की जळगावला टीव्ही दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, आत्ता निघालो तर दाखवून येता येईल. भावाने विचारलं, त्याने असली वस्तू कधी उघडली आहे का. मला माहीत नव्हतं. बहीण म्हणाली, घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. "आधीच एकाने उघडलाय."

त्या दुपारी अंगणात कुरडया वाळत होत्या आणि पाखरं राखायला बहीण निंबाच्या सावलीत बसली. गेम तिच्या ओच्यात होता. कूलरसमोर ठेवायचा तिने नाद सोडला होता. नुसता नजरेआड होऊ नये म्हणून जवळ घेतला होता, असं ती नंतर म्हणाली. झळा लागत होत्या, हवा अशी कोरडी की ओठ फुटत. बऱ्याच वेळाने तिने सहज बटण दाबलं. चित्र आलं. ठोकळे पडू लागले.

ती ओरडली नाही. खेळत राहिली. रेघा आल्या नाहीत, खरखर झाली नाही. मग ती गेम चालू ठेवून कूलरच्या खोलीत गेली आणि खाटेवर बसली. मी तिथे वाचत होतो. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि गप्प राहायची खूण केली. काही वेळ खेळ चालला. मग उभी रेघ आली, दुसरी आली, खरखर, आणि पडदा कोरा.

ती उठून बाहेर गेली. मी मागे गेलो. उन्हात उभं राहून तिने वाट पाहिली. हळूहळू चित्र परत आलं.

"उन्हात चालतो," ती म्हणाली. "घरात मरतो."

भावाला बोलावलं. त्याने ऐकलं आणि तो हसला. "तू उलटं सांगतेयस."

"मग तू करून पाहा."

त्याने करून पाहिलं. आत, बाहेर, पुन्हा आत. आई दारात उभी राहून पाहत होती. "काय करी ऱ्हायनात तुम्ही? देवले नैवेद्य दाखाडतस का?" भावाने कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा ठेवला. जाळ्या ओल्याच होत्या, फरक पडला नाही. मग सगळाच कूलर बंद करून दारं-खिडक्या उघडल्या. खोली भट्टीसारखी झाली. गेम चालू लागला.

ऊन गुन्हेगार नव्हतं. ओल होती. आणि आम्ही ती वस्तू आदल्या दिवसापासून ओल्या वाऱ्यात धरून ठेवली होती.

पण कूलर तर घरोघरी असतात. शिरपूरच्या घरातही होता आणि तिथे गेमला काही झालं नव्हतं. म्हणजे आत असं काहीतरी नवं होतं जे ओल धरत होतं. बहिणीने तो खोलायला लावला. हिरव्या पाटीवर जिथे जिथे भावाने डाग दिला होता, तिथे भोवती पांढुरका थर होता, काही ठिकाणी कडेला हिरवट. तिने त्यावर बोट टेकवलं. बाहेर कोरडं होतं. आत नेलं आणि परत टेकवलं. बोटाला ओल लागली.

"पापडखार असाच होतो," ती म्हणाली. "बरणी उघडी राहिली की पाणी सुटतं. काय लावलंस तू इथे?"

भावाने पाटी हातात घेतली, वास घेतला, खाली ठेवली.

त्याने अॅसिड लावलं होतं. रेडिएटरच्या कामात अॅसिडमध्ये जस्ताचे तुकडे विरघळवून एक पाणी तयार करतात. ते आधी फासलं तरच डाग पत्र्याला धरतो. रेडिओवाले राळेची पेस्ट लावतात, हे त्याला ऐकून माहीत होतं. पण दुकानात अॅसिडची बाटली हाताशी होती आणि हात वर्षानुवर्षं तिच्याकडेच जात होता. ते पुसायचं त्याला सुचलं नाही, कारण त्याच्या कामात ते कधी पुसावंच लागत नव्हतं. डाग दिला की रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, हवा भरायची आणि बुडबुडे पाहायचे. गळती तपासता तपासता अॅसिड आपोआप धुऊन निघायचं.

"मी याला बुडवलंच नाही," तो म्हणाला.

आम्ही तिघं त्या पाटीकडे पाहत होतो.

"मग आता बुडव," बहीण म्हणाली.

मी विरोध केला. विजेची वस्तू, परक्याची, पाण्यात घालायची. भाऊही कचरला. त्याचं म्हणणं होतं, स्पिरिटने पुसू, जेवढं निघेल तेवढं. स्पिरिट आणलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं. थर पातळ झाला, गेला नाही. कूलरच्या खोलीत नेताच पुन्हा रेघा. तोवर दिवस कलला होता. बहीण म्हणाली, उद्या सकाळी ऊन चढलं की धुवायचं. "नाही धुतलं तर हा माझ्या हातात शिरपूरला जाऊन मरणार. सासूबाईंच्या समोर."

सकाळी भावाने शेजारच्या बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. पडद्याची पाटी आणि मागची पाटी यांना जोडणारी चपटी पट्टी त्याने श्वास रोखून उपटली. पडदा ओला करायचा नाही, हे ठरलं होतं. त्या बाजूचे डाग नुसते ब्रशने घासायचे. मागची पाटी त्याने स्टीलच्या परातीत बुडवली. बहीण परातीशी उकिडवी बसली होती. पाणी गढूळ झालं. ते ओतलं, नवं घेतलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ राहिलं. पाटी स्वच्छ फडक्यावर ठेवून गच्चीवरच्या पत्र्यावर उन्हात मांडली.

आणि तेव्हा खालून आईची हाक आली. "पाव्हना उनात!" पाहुणे आले होते.

दीर संध्याकाळी येणार होते. शिरपूरहून कुणाची तरी जीप धुळ्याला येत होती, म्हणून दुपारीच आले. बहिणीने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. गच्चीवर पाटी वाळत होती, खोलीत खाटेखाली ताटात उरलेला गेम उघडा पडला होता.

मी खाली गेलो. त्यांना कूलरच्या खोलीत बसवलं, दुसरी जागाच नव्हती. भावाने ताटावर टॉवेल टाकून ते बाहेर नेलं. पाणी, चहा, मस्कतच्या हवेच्या गोष्टी. दीर शांत माणूस होते. तिकडे ते एअर कंडिशनरच्या देखभालीचं काम करत. थोड्या वेळाने त्यांनी आईला विचारलं, "तो गेम आणला होता ना? पोरगा कालच आजोळहून आला. आल्या आल्या त्याने तेच विचारलं."

आई म्हणाली, "देतस ना. पहिले जेवण करी ल्या."

त्यांना जेवायला बसवलं. आईने इतका आग्रह केला की तिचा डाव त्यांच्या लक्षात येईल अशी मला भीती वाटली. गच्चीवर भाऊ पाटी वाळली का पाहत होता; वाळली असावी असं वाटणं आणि वाळलेली असणं यांत फरक होता, आणि ओलसर पाटीला सेल जोडले तर सगळंच जळणार होतं. मी आमरसाची वाटी भरायच्या निमित्ताने उठून वर गेलो. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पाटीवर पडू नये म्हणून तो मान लांब धरून चपटी पट्टी बसवत होता. बहीण स्क्रू हातात घेऊन उभी होती. शेवटचा स्क्रू बसला. तिने बटण दाबलं.

उजेड आला, चित्र आलं. पडद्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मात्र कोरी होती. अॅसिडने त्या कडेचा पडद्याला जाणारा एक बारीक तांब्याचा धागा खाल्ला होता. भावाने पडद्यावरची पट्टी दाबून पाहिली. रेघ तशीच.

"दिसणार नाही कुणाला," तो म्हणाला.

बहीण गेम घेऊन खाली गेली.

आमच्याकडे त्या काळी सून थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नसे. त्यांनी काही विचारायचं तर सासूला विचारायचं, सुनेने उत्तर द्यायचं तर दाराआडून, तेही तिसऱ्याच्या तोंडून. बहिणीने गेम आईच्या हाती दिला, आईने दिरांच्या. त्यांनी चालू केला. कडेचे बल्ब पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण ते खेळू लागले. कूलर जोरात चालू होता. मी पडद्याकडे न पाहता त्यांच्या अंगठ्यांकडे पाहत होतो. ते थांबले नाहीत.

मग त्यांनी गेम तिरका धरला. "ही रेघ काय आहे?"

प्रश्न आईला होता. आईने माझ्याकडे पाहिलं. भाऊ दारात उभा होता, त्याने तोंड उघडलं.

"मी लाइट बसवायला सांगितला," बहीण दाराआडून म्हणाली. आवाज थेट होता, कुणाच्या मार्फत नव्हता. "भावाने बसवला. अॅसिड राहिलं, त्याने ओल धरली, खेळ बंद पडला. आज सकाळी पाण्यात धुऊन काढला. आता चालतो. रेघ गेली ती गेली."



"पाण्यात?" दीर म्हणाले. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग दाराकडे. "ओलीमुळे होतंय, हे कसं कळलं?"

तिने सांगितलं. कुरडयांपासून पापडखारापर्यंत. मध्ये एकदा भावाने तिला दुरुस्त करायचा प्रयत्न केला, तिने त्याला बोलू दिलं नाही. दिरांनी पुन्हा खेळ सुरू केला आणि कोऱ्या रेघेत ठोकळा कसा दिसेनासा होतो ते दोनदा पाहिलं.

"पोरगा ओरडेल," ते म्हणाले. "त्याला मी सांगतो." मग गेम पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे वळले. "शिरपूरहून धुळ्याला सकाळची पहिली गाडी किती वाजता लागते?"

मी सांगितलं. कॉलेजच्या वेळेआधी पोचते, हेही सांगितलं.

"बसायला जागा मिळते का?"

"शिरपूरला मिळते. पुढे भरते."

त्यांनी मान हलवली. "मग आमच्या आईला सांगावं लागेल," ते माझ्या आईला म्हणाले, "सकाळचा डबा तू लवकर करत जा म्हणून. सुनेला गाडी गाठायची आहे."